नारू गेला, पाणी राहिले

श्रोतेहो, आज मी आपल्याशी ज्या रोगाविषयी बोलणार आहे, तो रोग आपल्या देशात आता उरलेला नाही. मग त्याच्याविषयी बोलायचे तरी कशाला, असे आपण म्हणाल. पण रोग कसा येतो हे जसे समजून घ्यावे, तसे तो कसा जातो हेही समजून घ्यावे. आणि हा रोग ज्या रीतीने गेला ती रीत मोठी नवलाची आहे. त्याच्यावर औषध नव्हते, आजही नाही. त्याची लस नव्हती, आजही नाही. तरी तो गेला. हा रोग म्हणजे नारू.

मी काही डॉक्टर नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवतो. मध्यंतरी वर्गात सहज विचारले, "नारू म्हणजे काय रे?" सारा वर्ग गप्प. शेवटी एक अभ्यासू मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, कारू-नारूतला नारू. बलुतेदार ते कारू आणि अलुतेदार ते नारू." उत्तर चूक नव्हते, मी त्याला शाबासकीही दिली. पण ज्या शब्दाने याच मुलांच्या आज्या-पणज्यांच्या अंगावर काटा येत असे, तो शब्द दोन पिढ्यांत पार पुसला गेला आहे, हे त्या दिवशी कळले. शब्द गेला ते बरेच झाले. तो कसा घालवला, ती हकीकत मात्र राहायला हवी.

आपल्यातल्या वयस्क मंडळींना नारू आठवत असेल. घोट्याजवळ किंवा पोटरीवर एक फोड येई. भयंकर आग होई. काही दिवसांनी फोड फुटे आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी डोकावू लागे. हा दोरा म्हणजे एक जिवंत कृमी, आणि तीही मादी. तिची लांबी किती? दीड-दोन हात, म्हणजे साठ सेंटिमीटरपासून पार एक मीटरपर्यंत! जुन्या वैद्यकग्रंथांत या रोगाला 'स्नायुक' म्हटले आहे. पायातून शीरच बाहेर येते आहे असे पाहणाऱ्याला वाटले, तर त्यात नवल ते काय?

हा दोरा ओढून काढायची सोय नव्हती. ओढला की तुटे, आणि आत राहिलेल्या तुकड्याने पाय सुजे, पू धरे. कधी धनुर्वात होऊन माणूस हातचा जाई. म्हणून त्याचे तोंड एका काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडे थोडे, बोट-दोन बोटे, बाहेर घ्यायचे. या कामाला कित्येक आठवडे लागत. हजारो वर्षांपूर्वी इजिप्तमधले वैद्य हेच करीत असावेत असे विद्वान मानतात, आणि विसाव्या शतकातला डॉक्टरही याहून फारसे वेगळे काही करू शकत नव्हता. जखम स्वच्छ ठेवायची, पट्टी बांधायची आणि काडी फिरवायची. बस्स. नारूने मरणारे थोडे, पण अंथरुणाला खिळणारे पुष्कळ. एकाच घरात नवरा, बायको आणि थोरला मुलगा असे तिघे ऐन कामाच्या दिवसांत पाय धरून बसले, तर त्या घराने वर्षभर खायचे काय?

आता या कृमीची अक्कल पाहा. कृमीला अक्कल कसली, असे म्हणू नका. मादी पायाच्याच बाजूला का येते? आणि फोडाची एवढी आग का होते? आग झाली की माणूस काय करतो? पाय गार पाण्यात बुडवतो. तिला नेमके तेच हवे असते. पाण्याचा स्पर्श होताच ती आपली लाखो पिल्ले पाण्यात सोडते. दुःख माणसाचे, बाळंतपण हिचे! बिचारा माणूस घटकाभर थंडावा मिळाला म्हणून समाधान पावतो, आणि ज्या पाण्यात त्याने पाय घातला, तेच पाणी सारा गाव घागरी भरभरून घरी नेतो.

पण ही पिल्ले तशीच पोटात गेली तर काही होत नाही. मधे आणखी एक पाहुणा आहे. साचलेल्या पाण्यात एक-दोन मिलिमीटरचा एक जीव असतो, त्याला सायक्लॉप्स म्हणतात. आपण त्याला पाणपिसू म्हणू. पाण्याचा पेला उजेडाकडे धरला तर हा पांढरा ठिपका झटके देत फिरताना नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. तो नारूची पिल्ले गिळतो. त्याच्या शरीरात ती दोनएक आठवडे वाढतात, मग माणूस पाण्याबरोबर त्या पाणपिसूला पिऊन टाकतो. पोटातल्या आम्लाने पाणपिसू मरतो, पिल्ले मोकळी होतात, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. पाणपिसूचा हा वाटा १८७०च्या सुमारास अलेक्सेई फेदचेन्को नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानच्या प्रदेशात शोधून काढला.

पिल्ले शरीरात शिरल्यावर काय होते? काहीच होत नाही. ताप नाही, दुखणे नाही. जवळजवळ एक वर्ष काहीच कळत नाही. आणि माझ्या मते या साऱ्या हकीकतीतली मुख्य गोष्ट हीच आहे. गेल्या उन्हाळ्यात प्यालेले पाणी या उन्हाळ्यात पायातून बाहेर पडते. आपल्यापैकी कोणाला गेल्या वैशाखातले पाणी आठवते? मग माणूस कारण शोधतो ते कालपरवाच्या गोष्टींत. अमुक खाल्ले, तमुक ओलांडले, कोणाची तरी नजर लागली, देवाचे करायचे राहिले. त्याला मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. कारण आणि परिणाम यांत बारा महिन्यांचे अंतर पडले, तर भलेभले फसतील.

एकदा ही साखळी कळली, की ती तोडायला फार मोठी विद्या लागत नाही. पाणी दाट विणीच्या कापडातून गाळून घ्यावे. पाणपिसू वर राहतो. नारू लागलेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नये. त्याला घागरभर पाणी वेगळे काढून द्यावे. आणि मुख्य म्हणजे विहीर बदलावी. ज्या विहिरीचे पाणी पोहऱ्याने वर शेंदतात, तिच्या पाण्याला पाय लागत नाही. तिथे नारूला वाव नाही. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस घोटाभर पाण्यात उभा राहून घागर बुडवतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, की थोड्या पाण्यात पुष्कळ पाय, आणि पाणपिसूंचीही दाटी. म्हणून आपल्या कोरड्या मुलखात नारू निघायचा तो मुख्यतः उन्हाळ्यात.

इथे इतिहासाच्या मास्तराने एक गोष्ट सांगायला हवी. कोणाला कोणते पाणी मिळणार हे गावात जातीवर ठरत असे. ज्यांना गावच्या विहिरीला शिवू दिले जात नव्हते, त्यांच्या वाट्याला ओढ्यातला डोह, नाहीतर गुरांचे तळे येई. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो माणुसकीच्या हक्काचा प्रश्न होता. पण कोण कोणते पाणी पितो, यावर कोण आजारी पडतो हेही ठरत होते, हे विसरून चालणार नाही.

नारूच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९८३-८४ साली सुरू झाला. १९८४ साली महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, आंध्र प्रदेश अशा राज्यांत मिळून बारा हजारांवर गावांत सुमारे ४०,००० रुग्ण होते. कार्यकर्ते घरोघर जाऊन "कोणाला नारू झालाय का?" असे विचारीत. पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा बांधून काढून शेंदायच्या केल्या, हातपंप बसवले, पाण्यात पाणपिसू मारणारे टेमेफॉस हे औषध मोजून टाकले, घरोघरी गाळणी दिली. शेवटचा रुग्ण सापडला तो जुलै १९९६ मध्ये, राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात. त्यानंतर तीन वर्षे डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. जगात १९८६ साली नारूचे रुग्ण अंदाजे ३५ लाख होते; २०२३ साली ते अवघे १४ उरले. काम पुरते झालेले नाही, कारण आफ्रिकेत चाड या देशात हा कृमी कुत्र्यांमध्येही सापडू लागला आहे. असा हा चिवट शत्रू!

आता आपण विचाराल, नारू गेला, हातपंप आले, नळ आले. मग झाले ना काम? नाही. पाणी तेच आहे, आणि त्यातून येणारे बाकीचे पाहुणे अजून घरात आहेत. पटकी, विषमज्वर, जुलाब, कावीळ. यांचे जंतू पाणपिसूच्या मानाने इतके सूक्ष्म, की कापडातून ते सहज पार होतात. बांगला देशात एक प्रयोग झाला आणि २००३ साली तो प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या आठ पदरांतून पाणी गाळले, तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले; कारण पटकीचे पुष्कळ जंतू पाणपिसूच्या भाऊबंदांना चिकटून राहतात. निम्म्याने कमी हे काही थोडे नव्हे. पण उरलेले निम्मे राहिलेच. तेव्हा पाणी गाळा जरूर, पण "गाळलंय, आता काय होतंय!" असे म्हणू नका. आणि "पाणी तर काचेसारखं दिसतंय" हे तर मुळीच म्हणू नका.

यांत काविळीची गोष्ट मला नारूच्या जवळची वाटते. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर माणूस पिवळा दिसायला साधारणपणे तीन ते सहा आठवडे लागतात. नारूचे एक वर्ष, हिचा एक महिना. म्हणजे आजची कावीळ हे महिन्यापूर्वीचे पाणी. दिल्लीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५५च्या नोव्हेंबरात, पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी शहराला पाणी घेण्याच्या ठिकाणी, वजीराबादला, शिरले. हा प्रकार जेमतेम आठवडाभर चालला. काविळीची साथ उसळली ती डिसेंबर आणि जानेवारीत, आणि सुमारे २९,००० माणसे आजारी पडली. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवले होते, त्यामुळे विषमज्वर वाढला नाही. पण काविळीचा विषाणू त्या गढूळ पाण्यातून निसटला. पुढे कळले, की ती आज जिला हेपटायटिस ई म्हणतात ती कावीळ. ही कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर जिवावर बेतू शकते. घरात पोटुशी लेक किंवा सून असेल, तर निदान साथीच्या दिवसांत तिच्यासाठी पाणी खळखळून उकळलेले असावे, थंड झाल्यावर झाकलेले असावे आणि ओगराळ्याने घेतलेले असावे. बाहेरून डॉक्टर येईपर्यंत थांबू नका.

गावात घाण पाणी शिरते कुठून? माझ्या पाहण्यात दोन जागा येतात. एक, गटाराच्या कडेने गेलेली फुटकी नळवाहिनी. नळ चोवीस तास चालत नाही. पाणी बंद असते तेव्हा वाहिनी रिकामी होते आणि फटीतून गटाराचे पाणी आत ओढून घेते. सकाळी नळ आधी फुरफुरतो आणि मग पहिली घागर गढूळ येते, हे आपण पाहिले असेल. ती घागर पिण्याला घेऊ नये. दुसरी जागा म्हणजे टाकी. टीसीएल पावडर आणून ठेवली आणि टाकलीच नाही, किंवा पोते उघडे राहून तिचा जोर गेला, असे फार होते. पावडर टाकल्यावर पाण्याला निदान अर्धा तास द्यावा लागतो, आणि नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरलेले असावे. हे पाहण्यासाठी जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात. पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. नाही आला तर नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. ही टेस्ट मुलांसमोर करायला सांगा, तीही शाळेच्या नळावर आणि गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळावर. त्या टोकाला बहुधा कोणाची वस्ती असते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. दुसरे असे, की साथ सर्वांत आधी कळते ती शाळेच्या हजेरीपटावर. एका आठवड्यात चार मुले गैरहजर राहिली, तर पटावर नुसती फुली मारून थांबू नका, कारण लिहा. चारांपैकी दोघांचे डोळे पिवळे असतील तर आजचे पाणी तपासून भागणार नाही. महिनाभरापूर्वी कुठे लग्न होते, जत्रा होती, वाहिनी फुटली होती, टँकर आला होता, ते विचारा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

एक शेवटचे. हल्ली ठिकठिकाणी तरुण मंडळी जुन्या बारवांतला गाळ उपसतात, पायऱ्या मोकळ्या करतात, दिवे लावतात. इतिहासाचा माणूस म्हणून मला याचा मनापासून आनंद होतो. बारव जपा, तिची नक्षी मुलांना दाखवा, तिच्या पाण्यावर झाडे जगवा. पिण्याची घागर मात्र तिच्यात बुडवू नका. आणि पिण्याच्या पाण्याची जी टाकी गावात उभी आहे, तिच्याकडे उद्या जाता-येता एकदा मान वर करून पाहा. ती कोणत्या तारखेला धुतली आणि पुन्हा कधी धुणार, हे पुष्कळ गावांत टाकीवरच रंगवलेले असते. तारीख जुनी असेल, किंवा मुळी लिहिलेलीच नसेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.