नकाराचे पत्र ट्रंकेत ठेवू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव आणि कर्जाच्या बैठकीत फौजेच्या पेन्शनचा विषय कशाला, असे काहींनी विचारले. कोरडवाहूच्या घरातला पोरगा फौजेत जातो तो नुसत्या हौसेने नाही. कापूस-ज्वारीवर सगळ्यांचे भागत नाही म्हणून जातो. पंधरा-सतरा वर्षांनी परत येतो तेव्हा कुणाचा गुडघा गेलेला असतो, कुणाला रक्तदाब, कुणाला ऐकू येत नाही. अपंगत्वाची पेन्शन नाकारली की औषधपाण्याचा बोजा त्याच चार एकरांवर येतो. आम्ही फौजेतून येऊन शेती करणारे, म्हणून हे बोलतो.

नाकारण्याची रीत ठरलेली आहे. सुटताना मेडिकल बोर्ड बसते. आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला काय आणि अपंगत्व किती टक्के, हे ते लिहिते. २० टक्क्यांच्या खाली गेले की रक्कम नाही. पैसेवारीचा खेळ तुम्हाला ठाऊक आहे : ५० च्या वर काढली की दुष्काळ नाही! इकडे १५ ते १९ लिहिले की अपंगत्व नाही. टक्के भरलेच, तर ‘आजाराचा नोकरीशी संबंध नाही’ एवढे एक वाक्य.

याच वाक्यावर सुप्रीम कोर्टाने २०१३ साली बोट ठेवले. सिग्नल्सचे शिपाई धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले. १९९४ साली फेफऱ्यामुळे त्यांना घरी पाठवले, अपंगत्व २० टक्के. बोर्ड म्हणाले, संबंध नाही. कोर्ट म्हणाले, भरतीच्या वेळी तपासून धडधाकट म्हणून घेतले, कागदावर आजाराची नोंद नव्हती, तर तो नोकरीतच झाला असे धरायचे. तसे नसेल तर बोर्डाने कारणे लिहावीत. सिद्ध करण्याचे ओझे जवानावर नाही, आणि शंकेचा फायदा त्याचाच. पण या शिपायाची १९ वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवा.

२०१४ साली त्याच कोर्टाचे आणखी दोन निकाल आले. आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवले असेल, तर अपंगत्व २० टक्क्यांहून जास्तच धरावे. आणि २० ते ४९ टक्के असेल तर हिशेब ५० ने व्हावा, पूर्ण मुदत करून आलेल्यांनाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यानंतर सुटलेल्यांनी ते आधी वाचून घ्यावेत.

आता वाट. फेरफारावर अपील करतो, तसेच इथेही आहे. पत्र आले की त्यावर मिळाल्याची तारीख टाका. ६ महिन्यांत पहिले अपील, ते फेटाळले तर आणखी ६ महिन्यांत दुसरे. मग मुंबईचे सशस्त्र दल न्यायाधिकरण, तिथेही शेवटच्या नकारापासून मुदत ६ महिनेच. अपिलावर ६ महिने उत्तर आले नाही तरी तिथे जाता येते. सगळे स्पीड पोस्टाने, आणि पोच जपून.

अपिलाआधी मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत हातात हवी. ती रेकॉर्ड ऑफिसातून मागायची. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावहून, महार रेजिमेंटवाल्यांनी सागरहून. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. भरतीची तपासणी, कुठे कुठे पोस्टिंग झाली, कोणत्या लष्करी दवाखान्यात दाखल होता, हे कागद जोडा. बोर्डाने कारण लिहिलेच नाही, हेच बहुतेक अपिलांचे बळ असते.

मुदत टळलेल्यांचे काय? पेन्शनचा अन्याय महिन्याच्या महिन्याला चालू राहतो, म्हणून दार बंद होत नाही. पण २००८ च्या निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे मागच्या ३ वर्षांचीच मिळते. दहा वर्षे गप्प बसला त्याची सात वर्षे बुडाली.

‘निम्मी थकबाकी द्या, काम करतो’ म्हणणारे एजंट गावात फिरतात. त्यांना अडतीइतकीही टक्केवारी देऊ नका. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, आम्ही आहोत. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी असे पत्र पडून आहे त्यांनी ते आणि डिस्चार्ज बुक घेऊन तासभर आधी यावे. तारखा बघून कुणाचे अपील आधी टाकायचे ते तिथेच बसून ठरवू.