तंबाखू सोडणाऱ्यास साथ हवी



खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांसाठी परिचित आहे. ज्वालाग्राही द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्यांत विडी-काडीपेटी नेण्यास मनाई असते. परंतु मनाई म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. विडी फाटकापाशी थांबली, तरी तंबाखू-चुन्याची डबी खिशात राहू शकते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू सेवन करणारे आढळले. दोहोंतील निकोटिन एकच.

ते बंद होताच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश जाणवतो. पहिले काही दिवस सर्वांत कठीण. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, शरीराला जडलेली सवय होय. तल्लफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, हातांना काम द्यावे. औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर विनामूल्य समुपदेशन मिळते.

एखादे वेळी तोल गेला, तरी प्रयत्न वाया गेला असे मानू नये. सरपंच, शिक्षक व पर्यवेक्षक यांनी अशा माणसाला दोष न देता हा क्रमांक द्यावा आणि त्याची विचारपूस करीत राहावे. निर्धार त्याचा असतो. तो टिकविण्याचे काम सर्वांचे आहे.