जुनं कार्ड म्हणजे महाग कार्ड?

वडप्याच्या गोदामांत राबणाऱ्या आपल्या दोस्तांसाठी आजचा विषय: जुनी क्रिकेट कार्डं.

बाबांना विचारा, ऐंशीच्या दशकाअखेरीस बिग फन बबलगमसोबत रन छापलेली कार्डं मिळायची. त्यांना आज मोठा भाव का नाही?

तर भाव नुसत्या वयावर ठरत नाही. किती कार्डं उरली, कशी उरली आणि घेणारे किती, हे बघायचं. अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२ ची न खपलेली बेसबॉल कार्डं १९६० मध्ये समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं! उलट १९९० च्या आसपासची कार्डं तिथे इतकी छापली गेली, की बहुतेक आजही मातीमोल.

आपली कार्डं रद्दीत गेली, चुरगळली. म्हणजे चांगली थोडीच उरली. पण घेणारेही थोडेच. म्हणून ती स्वस्त.

माळ्यावर एखादं सापडलं तर लॅमिनेट करू नका, वहीत चिकटवू नका. विकत घेताना मागितलेली किंमत नाही, प्रत्यक्ष विक्रीची किंमत बघा. आवडलं तर जरूर घ्या, पण उद्या भाव येईल म्हणून अख्खा पगार लावू नका.

भेटू पुढच्या भागात!