सात दिवसांचं शिबिर आणि बायांचं वर्ष

(हर्णे इथे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा साचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांकही मिळू लागले आहेत. म्हणजे गावात येऊन तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं, गुण मिळतात. गावातल्या बाईला काय मिळतं, हा आज माझा प्रश्न आहे.

आपली शिबिरं बहुधा थंडीत होतात. तेव्हा हर्णे बंदर गजबजलेलं असतं. होड्या लागतात, लिलाव होतो, बाया टोपल्या भरून बाजाराला निघतात. आपण किनारा झाडतो, पथनाट्य करतो, सुवर्णदुर्गासमोर फोटो काढतो आणि परततो. आपल्याला वाटतं, गाव पाहिलं.

पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा मासळी विकणारीच्या हातात रोजचा पैसा कुठून येतो? सुकी मासळी, उसनवारी, बचत गटाचं कर्ज. नेमक्या याच दिवसांत कॉलेजची फी भरायची असते. मुलीचं नाव घालायचं की नाही, हे कितीतरी घरांत तेव्हाच ठरतं. त्या वेळी आपलं शिबिर गावात नसतं.

दुसरी गोष्ट. किनारा झाडल्यानं कुणी दुखावत नाही. पण होडी कुणाच्या नावावर आहे, मच्छीमार म्हणून बाईची नोंद आहे का, लिलावाच्या वेळी तिला लघवीला जायचं तर जागा कुठे, असं विचारलं की कपाळावर आठ्या पडतात. इथून जवळच मुरुड आहे, अण्णासाहेब कर्व्यांचं गाव. गावासाठी ते फंड जमवत होते तोवर सगळं ठीक होतं. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं आणि त्याच गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. सगळ्यांना आवडेल तेवढीच सेवा करायची असती, तर ते झालं नसतं.

मग करायचं काय? तीन गोष्टी सुचवते. शिबिराचा विषय ठरवण्याआधी बायांची बैठक घ्या. तीही लिलाव आटोपल्यावर, त्यांच्या सोयीनं. तुमच्या २४० तासांतले काही तास जून-जुलैसाठी राखून ठेवा. दोघी-तिघी आल्या तरी चालेल, पण या. आणि पाहणी केलीत तर तिचे कागद कॉलेजच्या कपाटात कोंडू नका. त्या बायांना सोप्या मराठीत वाचून दाखवा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. तिथे त्या स्वतः हे आकडे मांडू शकतील. बोलतील त्या, आपण मागे बसायचं.

तुमच्यातल्या काहीजणी याच किनाऱ्यावरच्या घरांतून आल्या आहेत. त्यांनी आईच्या कामाचे तास एकदा मोजून पाहावेत. तिच्या कामाला श्रेयांक द्यायचे ठरवले, तर किती होतील?