चिकटवलेले पाकीट



पोस्टकार्ड स्वस्त आणि पाकीट महाग, हा भेद आपण पिढ्यान् पिढ्या निमूटपणे मान्य करीत आलो. चार पैसे जास्त पडले तरी घरची अडचण, मुलीच्या स्थळाची बोलणी किंवा कर्जाचा मजकूर कोणी कार्डावर लिहीत नसे. पाकीट चिकटवणारा मनुष्य गुन्हेगार असला पाहिजे, असा संशय पोस्टमनाच्याही मनात कधी आला नसेल. संगणकाच्या व मोबाइलच्या युगात याच चिकटवण्याला ‘कूटबद्धीकरण’ असे जड नाव मिळाले आहे. पाठवणाऱ्याच्या यंत्रात मजकुराचे कूट होते, घेणाऱ्याच्या यंत्रात ते उलगडते, आणि वाटेत कोणी डोकावले तर त्याला निव्वळ अर्थहीन अक्षरे दिसतात. या पाकिटाविषयी सरकारने केलेले नियम आणि त्यांवर उठलेले लोकमत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी लखनौला, रायबरेली रस्त्यावरच्या तेलीबागेत राहतो. याच शहरात गोमतीच्या बाजूला रेसिडेन्सीचे भग्नावशेष उभे आहेत. १८५७ साली तेथे वेढ्यात सापडलेल्या इंग्रजांनी हॅवलॉकशी जो पत्रव्यवहार केला, त्यातील नाजूक मजकूर ग्रीक लिपीत लिहिलेला असे. पिसाच्या नळीत दडवलेली ती चिठ्ठी घेऊन अंगद नावाचा निवृत्त शिपाई वेढ्यातून ये-जा करी. पुढे १८८५ साली त्याच राज्यकर्त्यांनी तारेचा कायदा केला आणि रयतेच्या तारा अडवून वाचण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. आपले गुपित ते शौर्य, दुसऱ्याचे गुपित ते कारस्थान! तो कायदा स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तरांहून अधिक वर्षे आपल्या सोबतीला राहिला.

पण लोकांच्या प्रतिक्रियेचे खरे दर्शन घडले ते सप्टेंबर २०१५ मध्ये. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात असे सुचवले होते की, नागरिकाने कूटबद्ध करून जे काही पाठवले असेल, त्याचा उघडा मजकूर त्याने ९० दिवस जपून ठेवावा आणि पोलिसांनी मागताच हजर करावा. म्हणजे पाकीट चिकटवा, पण आतल्या पत्राची नक्कल उशाशी ठेवा! आमच्या शेजारी छावणीतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब आहेत. पेन्शन जमा झाली की नाही, हे ते मोबाइलवर पाहतात. त्यांनी मला विचारले, “साहेब, नातवाला पाठवलेले आशीर्वादही तीन महिने सांभाळायचे काय?” मी सरकारी नोकर, हसण्यावाचून मला उत्तर नव्हते.

हा प्रश्न एकट्या सुभेदारसाहेबांचा नव्हता. देशभर एवढा गदारोळ उठला की, खात्याने लगोलग पुरवणी काढून लोकांच्या रोजच्या वापरातील संदेशसेवा आणि बँकांचे व्यवहार वगळले. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा २२ सप्टेंबरला मंत्री रविशंकर प्रसाद यांनी मसुदाच मागे घेतल्याचे जाहीर केले. हरकतींसाठी १६ ऑक्टोबरपर्यंतची मुदत होती. ती अर्धीही सरली नव्हती.

असले मसुदे निघतात ते दुष्टपणाने, असे मला वाटत नाही. एका खात्याचे दुसऱ्याला ठाऊक नसते, हे बहुधा खरे कारण असते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या परवान्यात, ग्राहकाने परवानगीवाचून ४० बिटांपेक्षा मोठी किल्ली वापरू नये, अशी अट होती. असली किल्ली १९९७ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने साडेतीन तासांत शोधून काढली होती. इकडे रिझर्व्ह बँकेने २००१ साली बँकांना निदान १२८ बिटांची किल्ली वापरण्यास सांगितले. एका हाताने कडी काढून दुसऱ्याने कुलूप लावण्याचाच हा प्रकार.

तरीही दुसरी बाजू डोळ्यांआड करून चालणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. अफवा मोबाइलवरून फिरली होती. ती प्रथम कोणी सोडली, असे त्या पाचांच्या बायकामुलांनी विचारले तर त्यांना गोपनीयतेचे पांडित्य कोणत्या तोंडाने ऐकवावे? २०२१ च्या नियमांत संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन आले, त्यामागे असल्या घटनांचा सल होता. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मूळ कर्ता शोधायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागेल, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. एका चोरासाठी साऱ्या गावाच्या बोटांचे ठसे रोज घ्यावेत, तसे ते होईल. राईनपाड्याला त्या दिवशी उणीव होती ती वेळेवर पोहोचणाऱ्या पुरेशा पोलिसांची.

२८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने इंटरनेटवरील खाजगी वाटा पुरवणाऱ्या, म्हणजे व्हीपीएन, कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते व वापराचे कारण पाच वर्षे नोंदवून ठेवण्यास सांगितले. मान्य नसेल त्यांनी जावे, असा सरकारचा सूर होता. काही परदेशी कंपन्यांनी खरोखरच आपली यंत्रे भारतातून हलवली. गेले ते परदेशी. बातमीदार, वकील, छळ सोसणारी एखादी स्त्री यांना मात्र येथेच राहायचे आहे.

खुद्द टपालाची हकीकत अधिक विचार करायला लावणारी आहे. १९८६ साली टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने संमत केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर ना सही केली, ना ते परत पाठवले. ते तसेच पडून राहिले आणि अखेर २००२ साली मागे घेण्यात आले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. आणि त्यानंतर सहा वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, नवा टपाल कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमान्वये राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी अधिकाऱ्याला पत्र अडवून उघडता येते. २०१५ साली तीन-चार दिवसांत सरकारला माघार घ्यायला लावणारे लोक या वेळी काही बोलल्याचे निदान आमच्या तेलीबागेत तरी माझ्या कानांवर आले नाही. सुभेदारसाहेबांना मी मुद्दाम विचारले. ते म्हणाले, “पत्र आता लिहितो कोण?”