सुरतेचा तह आणि शिकवायला गेलेल्या पलटणी

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



सुरतेत मराठी माणसाने इतिहासाचे नाव काढले की शेजारी हसून १६६४ आणि १६७० ची लूट काढतात. आपणही हसतो आणि चहा पुढे करतो. पण याच शहराच्या नावाने झालेला एक तह आपल्या घरांत फारसा निघत नाही. आजच्या विषयाला मात्र तोच हवा. विषय असा, की परक्या देशाचे सैन्य तयार करून द्यायला आपण आपले सैनिक पाठवावेत का?

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्याच दिवसांत, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर आले, बारभाईंनी त्यांना टिकू दिले नाही, आणि ते गुजरातेत इंग्रजांच्या दाराशी आले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी २,५०० पर्यंत फौज द्यायची. दादांनी तिच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे आणि वर साष्टी व वसई तोडून द्यायची. मे महिन्यात आणंदजवळ अडासला लढाई झाली, इंग्रजांचे बरेच अधिकारी पडले. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी हा तह मानला नाही, पुरंदरला दुसरा झाला, पुन्हा युद्ध पेटले. १७८२ मध्ये सालबाईला सारे मिटले तेव्हा दादांच्या हाती पेशवाई नव्हती, नेमणूक होती. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

१८०२ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांनी कंपनीची फौज पदरी घेतली. त्या व्यवहारात सुरतेच्या चौथाईचा हिस्सा आणि चोऱ्यासी परगणा गेला. आपल्यातल्या कित्येकांची घरे आज त्याच चोऱ्यासीत आहेत!

कोणी म्हणेल, ही तर उसनी फौज, यात शिकवणे कुठे आले? बरोबर. शिकवण्याची गोष्ट महादजी शिंद्यांकडे आहे. सॅव्हॉय प्रांतातला डी बॉयन त्यांच्या चाकरीत आला. त्याला कोणत्या राज्याने पाठवले नव्हते, तो पगारी होता. त्याने उभ्या केलेल्या कवायती पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया मारल्या. त्याच्यामागून पेरॉन आला. पण पलटणींचे वरचे अधिकारी युरोपियनच राहिले. १८०३ चे युद्ध लागताच गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडून या, तुमची सोय आम्ही करू. अधिकारी निघून गेले. त्यांच्यातल्या एकाने तर अलीगढ किल्ल्यात शिरायची वाट दाखवली. पेरॉननेही शिंद्यांना सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. पुढे नोव्हेंबरात लासवारीला तेच शिपाई साहेबांवाचून असे लढले, की शत्रूचा सेनापती लेक यानेही त्यांचे शौर्य मान्य केले. कवायत त्यांच्या अंगात मुरली होती. पलटण चालवणारे घरचे अधिकारी मात्र कोणी घडवलेच नव्हते.

अफगाणिस्तानात अमेरिकेने वीस वर्षे सैन्य शिकवले. अफगाण शिपाई भ्याड नव्हते, हजारोंनी मेले होते. पण विमानांची देखभाल परदेशी तंत्रज्ञांच्या हाती होती. ते गेले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले.

आपल्या देशाचा अनुभव दोन्ही तऱ्हेचा आहे. भूतानमध्ये १९६२ पासून भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक आहे. डिसेंबर २००३ मध्ये दक्षिण भूतानमधले उल्फा आणि बोडो बंडखोरांचे तळ उठवायची वेळ आली, तेव्हा ते काम भूतानच्या स्वतःच्या सैन्याने केले आणि सुटकेचा श्वास आसामनेही टाकला. नेपाळात १९५२ मध्ये आपले लष्करी पथक गेले. पुढे नेपाळला ते नकोसे झाले आणि १९७० पर्यंत परत आले. यात आम्हाला कमीपणा दिसत नाही. पाहुण्याने उठायची वेळ ओळखावी.

श्रीलंकेत उलटे घडले. तिथल्या तमिळ बंडखोरांना आधी आपल्याच भूमीवर, गुपचूप, शस्त्रे चालवायला शिकवले गेले. १९८७ मध्ये शांतिसेना गेली, आणि काही महिन्यांतच तिला त्यांच्यातल्याच वाघांशी लढावे लागले. मार्च १९९० मध्ये ती परतली, तोवर १,१०० हून अधिक जवान गमावले होते. सरकारला बाजूला ठेवून गटाला शिकवले की असे होते. राघोबादादाही एक गटच होते.

आमचे मत 'पाठवावेत' असे आहे. 'आपलेच आपल्याला पुरत नाही, दुसऱ्याचे कशाला' हे म्हणणे भूतानकडे पाहिले की लंगडे पडते. पण जिथे मागणारे सरकार मान्य आहे तिथेच जावे, आणि शिपायांच्या कवायतीपेक्षा त्यांचे अधिकारी आणि दुरुस्तीचे कारागीर घडवण्यावर भर द्यावा. परतायची तारीख जायच्या आधी ठरावी आणि ती संसदेत सांगितली जावी. शिकवणाऱ्याने त्यांच्या लढाईत उतरू नये. याहून बरे म्हणजे त्यांनीच इकडे यावे. पुण्याजवळ खडकवासल्याला मित्रदेशांचे छात्र आपल्या मुलांबरोबर शिकतातच की. हे करूनही एखादे सैन्य उद्या स्वतःच्याच लोकांवर बंदूक रोखणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून नकार द्यायचीही तयारी हवी, मग तो देश कितीही मैत्रीचा असो.

समोर लष्करातून निवृत्त झालेले काही जण बसले आहेत, आणि ज्यांची मुले आज गणवेशात आहेत असे आईवडीलही. असा हुकूम आला तर सामान त्यांच्या घरातले बांधले जाईल. आम्ही इथे थांबतो, आता त्यांनी बोलावे.