अपत्योपचार आणि कामाची पाळी



कामगार चळवळीतल्या माणसाने वंध्यत्वावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी वैद्य नव्हे. माझी शाळाही अर्ध्यावर सुटली. परंतु फाटकावर पगार-बोनसचे बोलणे संपले, की एखादा कामगार हळूच बाजूला घेऊन विचारतो, "घरी उपचार चालू आहे. बायकोने नोकरी सोडावी काय?" त्या प्रश्नापायी मी वाचले, डॉक्टरांना विचारले. ते आज आपणांपुढे ठेवतो.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी 'टेस्ट ट्यूब' पद्धतीची मुलगी जन्मली. आज असे उपचार बहुतेक खासगी दवाखान्यांत होतात आणि एका खेपेला लाखाच्या वर खर्च येतो. नेमक्या त्याच वेळी घरातली वडीलधारी सांगतात, "काम सोड, पडून राहा." म्हणजे खर्च वाढतो आणि पगार थांबतो.

शास्त्र काय सांगते? गर्भ गर्भाशयात सोडल्यावर अंथरुणाला खिळून राहिल्याने तो रुजतो, याला आधार नाही. अमेरिकेतील प्रजननवैद्यकांच्या संस्थेने २०१७ साली अशी सक्तीची विश्रांती देऊ नये, असेच सांगितले. चालणे, घरकाम, बसून करायचे काम यांनी बिघडत नाही. उपचारापूर्वी नियमित, बेताचा व्यायाम असावा. मात्र इंजेक्शने चालू असताना बीजकोश फुगतात, त्यांना पीळ पडण्याचा धोका असतो. तेव्हा धावणे, उड्या मारणे बंद ठेवावे.

ओझ्याची आणि रात्रपाळीची गोष्ट वेगळी. बोस्टनमध्ये उपचार घेणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. जड वस्तू उचलणाऱ्या आणि दिवसपाळीबाहेर काम करणाऱ्या स्त्रियांत पक्व बीजे कमी आढळली. मुले कमी झाली, असे त्या पाहणीने सिद्ध केलेले नाही. पण सावध होण्यास एवढे पुरे. तेव्हा त्या कामगाराला माझे उत्तर असे : नोकरी सोडू नये, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन हलके काम आणि दिवसपाळी मागावी.

आणि दोष केवळ बाईच्या पदरात का? सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात आणि त्यांना शरीरापेक्षा थोडे थंड स्थान लागते. भट्टीपुढे उभे राहणाऱ्याने, तासन्‌तास गाडी हाकणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. तंबाखू तर सोडावीच. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे कीटकनाशकांच्या कारखान्यातील कामगारांनी आपसांत बोलताना ओळखले, की आपल्याला मुले होत नाहीत. तपासणी झाली आणि डी. बी. सी. पी. हे रसायन दोषी ठरले. ते कामगार गप्प बसले असते, तर प्रत्येकाने आपल्या नशिबालाच बोल लावला असता. आपल्या शेजारी तळोज्याला रासायनिक कारखाने आहेत, कळंबोलीला पोलादाचा बाजार आहे. तिथे हे बोलणे व्हायला हवे.

मुंबई इलाख्याने १९२९ साली देशातला पहिला प्रसूतिलाभ कायदा केला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातील प्रसूतिरजा २०१७ साली २६ आठवड्यांवर गेली. गर्भपातानंतर सहा आठवडे, स्त्रीच्या नसबंदीनंतर दोन आठवडे भरपगारी रजा त्या कायद्याने दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली. पण मूल व्हावे म्हणून चाललेल्या उपचारासाठी त्यात एका दिवसाचीही रजा नाही!

म्हणून पुढच्या मागणीपत्रात हे कलम घालावे : इंजेक्शनांच्या आणि बीजे काढण्याच्या दिवसांत भरपगारी रजा, उपचारकाळात ओझे व रात्रपाळी बंद, उष्णतेच्या व रसायनांच्या खात्यांत पुरुषांचीही तपासणी आणि या सर्वांबाबत गुप्तता. पहाटे मानसरोवर स्थानकाकडे धावणाऱ्या कामोठ्याच्या कोणत्याही लेकीसुनेला पगार की पाळणा, असा सवाल कोणी घालू नये, एवढेच माझे मागणे आहे.